वरचे किरायदार

सात एप्रिल २०१९, रविवार. किराया महिन्याला तीन हजार दोनशे, डिपॉझिट दहा हजार, दोन्ही रोख. हजर: मी, माझी बायको, आमची सातवीतली मुलगी आणि घरमालक. वरचे किरायदार हजर नव्हते. ते झोपले होते.

ते झोपले आहेत हे मला घरमालकांनीच सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. आणि ते शब्दशः खरं होतं हे मला पुढे मान्य करावं लागलं, कारण खरं-खोटं तपासणं हाच माझा धंदा आहे. एका पतसंस्थेच्या शाखांचे हिशेब मी तपासतो. घाटंजीहून पांढरकवड्याला बदली झाली तेव्हा या कामात मला एकोणीस वर्षं झाली होती. समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं आणि कोणत्या क्रमानं विचारायचं, हे आता मला कोणी शिकवायला नको, असं माझं मत होतं. त्या वर्षी ते मत मोडीत निघालं.

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू होतं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर सागाच्या फळ्यांचा माळा आणि माळ्यावर छप्पर. माळ्याचा जिना मागच्या अंगणातून चढत होता आणि दाराला कुलूप होतं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत घरमालक एकटे राहत. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वय सत्तरच्या आसपास, अंगानं वाळलेले, दाढी पांढरी आणि मिशी साफ. जन्मभर जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. गॅरेज बंद केलं तेव्हा एका भंगार जीपची पुढची सीट त्यांनी उचलून आणली आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली मांडली. तिच्यावर ते कायम उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या जागी बसत. डावी बाजू रिकामी असायची. आल्यागेल्याला लोखंडी स्टूल.

त्या रविवारी मी स्टुलावर बसलो आणि माझे प्रश्न सुरू केले. विहिरीचं पाणी, नळ, मीटर, सगळं झालं. मग वर बोट दाखवून विचारलं,

"वर कोणी राहते?"

"किरायदार."

"त्रास वगैरे?"

"भांडण नाई, दारू नाई. सध्या झोपले हायेत."

"दुपारी?"

"दिवस बुडाला का निघते, पहाटे येते."

"म्हणजे रात्रपाळी."

"पक्की."

जिनिंगचा हंगाम तेव्हा संपत आला होता, पण एक-दोन कारखाने रात्रीचेही चालू होते. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं: दोन-तीन बाहेरगावची पोरं, कापसानं भरलेले केस, दिवसभर झोप. मी मुद्द्याचं विचारलं. लाइटबिलाची वाटणी कशी?

"ते लाइट जाळत नाई."

"आणि पाणी?"

"बाहेरूनच पिऊन येते."

"किती वर्षांपासून आहेत?"

"मी घर घेतलं त्याच्याही आंधीपासून. तुमच्याहून जुने, माझ्याहूनही जुने."

इतके जुने, इतके शांत आणि लाइट न जाळणारे शेजारी मिळत असतील तर आणखी काय पाहिजे? मी खिशातून पैसे काढले आणि मोजून दिले. चाचांनीही मोजून घेतले. परतताना मी बायकोला म्हणालो की माणसाला बोलतं करण्याची एक पद्धत असते. ती म्हणाली, "ते पोरं जेवते कुठी, हे विचारलं का?"

ते राहून गेलं होतं.

माझी बायको घाटंजीकडच्या शेतकरी घरातली. तिच्या माहेरी रीत अशी की नवीन बिऱ्हाड केलं की शेजाऱ्याला एक ताट जातं. शेजारी एकटे पुरुष असले तर एकावर भागत नाही. आम्ही राहायला गेलो त्या संध्याकाळी तिनं भाकर, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा ताटात वाढून वर झाकण घातलं आणि ते चाचांच्या हाती दिलं. म्हणाली, वरच्यांसाठी आहे, ड्युटीवर जायच्या आंधी द्या. चाचांनी ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि "ठीक हाय" म्हणाले.

सकाळी ताट घासून परत आलं. त्यात एक लिंबू होतं. रिकामं ताट परत देऊ नये ही रीत त्यांच्याकडेही होती. दुसऱ्या दिवशी मूठभर चिंचा आल्या, तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याची डहाळी. घरात काही नसलं तर गॅरेजमधलं यायचं: एकदा ताटात पितळेचा एक नवाकोरा बोल्ट होता. तो आमच्या कुकरच्या दांड्याला बरोबर बसला. बायको रोज विचारायची, ताट पोचलं का? "पोचलं." आवडलं का? "लय आवडलं." मग ती मला ऐकवायची की बघा, परक्या गावात माणसं कशी जोडावी लागतात. नुसतं लाइटबिलाचं विचारून होत नाही.

हे दहा दिवस चाललं.

अकराव्या दिवशी मी लवकर घरी आलो आणि हवा खायला अंगणात स्टुलावर बसलो. चाचा त्यांच्या सीटवर होते. दिवस बुडाला. मागच्या भिंतीला आढ्याखाली एक फट होती. तिथून वाळलेल्या पानासारखं काहीतरी खाली पडलं आणि जमिनीला टेकायच्या आधीच वर उडालं. मग दुसरं आलं, मग पाच-सहा, मग वाघळांची धारच लागली. डोळ्यांसमोर काहीही ओळीनं जाऊ लागलं की मी मोजतो. एकशे नव्वदपर्यंत पोचलो, मग अंधारात मोजदाद सुटली.

चाचांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "निघाले ड्युटीवर," म्हणाले.

माझ्या मागे बायको ताट घेऊन उभी होती. तिनं बराच वेळ वर पाहिलं. मग चाचांना विचारलं,

"आन् मंग माझं जेवण कोण खाऊन राह्यलं होतं?"

"मी."

"तुम्ही तर म्हणत होते, आवडलं म्हणून!"

"आवडलंच. कोणाले आवडलं, हे तू विचारलं नाई, बेटा."

मी तिकडे मान फिरवली नाही. मान फिरवली असती तर बायकोनं माझ्याकडे पाहिलं असतं. नंतर जे झालं ते तिचंच, माझ्याच्यानं झालं नसतं. तिनं ताट चाचांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. वरच्यांसाठी." चाचांनी उठून, दोन्ही हातांनी, वरच्यांच्या वतीनं ते घेतलं. त्या दिवसापासून ताट रोज वरच्यांच्याच नावानं जाऊ लागलं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तरी नाव तेच राहिलं. सरळ चाचांच्या नावानं दिलं असतं तर त्यांनी घेतलं नसतं, हे बायकोला कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्हाले नाई समजत.

चाचांचा नियम एकच होता: विचारलं तेवढं सांगायचं. खोटं कधी नाही, पण जास्तीचंही नाही. गॅरेज चालवतानाही हेच. गाडी चालते का? चालते. ब्रेकबद्दल गिऱ्हाइकानं विचारलं नाही तर तो त्याचा प्रश्न. एकदा मोटारसायकलवरच्या दोघांनी फाटकाशी थांबून विचारलं की हा रस्ता केळापूरला जातो का. चाचा म्हणाले, जातो. अर्ध्या तासानं ते दोघे पोटरीपर्यंत चिखल घेऊन परत आले. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. त्यांनी बरंच काही ऐकवलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रस्ता जाते. तुम्ही जाल का, हे तुम्ही विचारलं नाई.

घरोघर माणसं मोजणारी एक बाई आली होती. घरात किती जण? एक. आणि वर कोणी राहतं का? "वरचे मोजाले संध्याकाळी या." ती बाई खरोखर संध्याकाळी आली.

यात मीही सुटलो नाही. मे महिन्यात त्यांच्याकडून मी एक टेबलपंखा घेतला, साडेतीनशेला. चालतो का, विचारलं. चालते, म्हणाले. लावूनही पाहिला, पाती गरगर फिरत होती. घरी आणून समोर बसलो तर वारा मागच्या भिंतीला लागत होता. तो उलटा फिरायचा. परत घेऊन गेलो तर म्हणाले, हवा कुठून येते, हे कुठं विचारलं? दुरुस्त मात्र फुकट करून दिला.

इतकं कमी बोलायचं कारण मी एकदा विचारलं. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. त्यांची बीवी फार बोलायची. विचारलं नाही ते आधी सांगायची, दोघांच्या वाट्याचं एकटी बोलायची. मग आपल्याला बोलायचं काही उरायचंच नाही. तीच सवय लागली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. "आता सवय बदलून कोणाले सांगू?" हे त्यांनी सीटच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं.

छपरावर येणाऱ्या सगळ्यांना चाचांनी नात्यात बसवलं होतं. वाघळं किरायदार, खार पाहुणी. दुपारी कवेलूंवरून धाडधाड उड्या मारत जाणारी वानरं वसुलीवाले. येतात, नुकसान करतात, पावती देत नाहीत. एका रात्री माळ्यात मांजराएवढं मसण्याऊद शिरलं आणि वर पळापळ झाली, तेव्हा चाचा अंगणातून म्हणाले की घाबरू नका, तपासणीवाला आलाय. माझा धंदा त्यांना माहीत होता. मुलगी दोन दिवस हसत होती.

इथवर सगळं गमतीचं होतं. मेच्या शेवटी मात्र वास सुरू झाला. उन्हानं कवेलू तापायची आणि माळ्यावरच्या लेंड्यांचा तो उग्र, नाकात बसणारा वास फळ्यांच्या फटींतून खाली झिरपायचा. फटींतून लेंड्याही पडायच्या. एकदा तर एक वाघूळ खाली उतरलं आणि दोरीवर वाळत घातलेल्या मुलीच्या गणवेशाशेजारी लटकून राहिलं. बायकोनं झाडू हातात घेतला, पुन्हा ठेवला, आणि मला बोलावून शांतपणे सांगितलं, "शाळा उघडेस्तोवर. ते तरी राहतीन, नाई तर आपण. मी सामानासकट घाटंजीले जातो."

ती मोठ्यानं बोलली असती तर मी घाबरलो नसतो. शाळा उघडणार होती सव्वीस जूनला. मुलीचं नाव घातलं होतं, फी भरली होती. गावात दुसऱ्या घराची चौकशी केली तर पाच हजारांच्या खाली कोणी बोलत नव्हतं. घाटंजीहून मला रोज एसटीनं ये-जा करावी लागली असती. म्हणजे महिनाभरात हे घर वाघळांचं की आमचं, हे ठरायचं होतं. चाचांना सांगितलं. ते म्हणाले, मी आजवर कोणाले काढलं नाई. तुम्हाले काढता येत असन तर काढा, हरकत नाई.

मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरुवात केली. प्रथम डांबरगोळ्या, दोन किलो, माळ्यावर सर्वत्र सारख्या अंतरावर. वाघळं पूर्वेच्या कोपऱ्यातून पश्चिमेच्या कोपऱ्यात गेली. आमचे कपडे, अंथरुणं आणि माझा डबा यांना मात्र असा वास लागला की ऑफिसात माझ्या शेजारच्यानं टेबल हलवलं. मग दोनशे वॅटचा दिवा, रात्रभर. दिव्यावर किडे जमले. ज्यांना पूर्वी जेवायला दूर जावं लागत होतं त्यांची घरच्या घरी सोय झाली. चाचा म्हणत होते तसं वरच्यांनी लाइट कधी जाळला नव्हता. मी जाळायला लावला. त्या महिन्याचं बिल बायकोनं फ्रिजवर चिकटवलं.

शेवटी मोबाइलवरून एक यंत्र मागवलं, अठराशे नव्व्याण्णव रुपयांना. त्यातून एक आवाज निघतो, तो वाघळांना सहन होत नाही आणि माणसांना ऐकू येत नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. एकोणीस वर्षं तपासणी केलेल्या माणसानं, चालू आहे की बंद हे तपासताच येत नाही अशी वस्तू रोख पैसे देऊन घेतली. चाचांनी ते हातात धरून उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. मी त्यांना काही विचारलं नाही.

तेवीस जूनला रविवार होता. सरळ मार्ग उरला होता: भोक बुजवायचं. पण या वेळी मी पूर्ण चौकशी करायची ठरवली. चाचांना विचारलं, संध्याकाळी सगळे बाहेर पडल्यावर ही फट बंद केली तर त्यांना परत शिरता येईल? "नाई." दुसरीकडून? "इतकी मोठी जागा दुसरी नाई." मग ते जातील कुठे? "जुन्या जिनिंगचं शेड हाय, तिथं बी राहतेच." याहून अधिक विचारायचं मला काही सुचेना. तारेची जाळी आणली, खिळे आणले, बांबूची शिडी चाचांकडेच होती.

संध्याकाळी धार लागली आणि संपली. मी शिडी चढलो. चाचा खाली शिडी धरून, बायको बॅटरी धरून, मुलगी दारात. मी जाळी फटीवर धरली, एका बाजूला तीन खिळे मारले. चौथा खिळा तोंडातून काढत होतो तेव्हा खालून आवाज आला.

"आत पिल्लं हायेत."

मी हातोडी थांबवली. कोणी काही विचारलं नव्हतं. मी खाली पाहिलं. बायकोनं बॅटरीचा उजेड चाचांच्या तोंडावर टाकला. त्यांनाही आपण बोललो याचं नवल वाटल्यासारखं दिसत होतं.

"उडता येत नाई त्याईले अजून," ते म्हणाले. "त्याईच्या माया बाहेर गेल्या, पिल्लं आत लटकून हायेत. तुम्ही बंद केलं तर माया रातभर बाहेरून धडका मारतीन." मग थोडं थांबून, "आन् तुम्ही उभे हाय ती पायरी तडकली हाय."

मी उतरलो. वयाच्या मानानं लवकर उतरलो.

आणि चाचा थांबेनात. एकदा बांध फुटल्यावर सहा वर्षांचं पाणी. मी स्टुलावर बसलो, बायको जिन्याच्या पायरीवर, आणि ते शिडी धरूनच उभे राहून सांगत होते. पश्चिमेची भिंत ऑगस्टात ओल धरते. आमच्या आधीचा किरायदार, बीवी असतानाचा, सव्वीसशे द्यायचा, तुम्ही भाव केला नाई म्हणून बत्तीसशे. विहिरीत दोन वर्षांमागे बकरी पडली होती, नंतर उपसली. बायकोच्या भाजीत मीठ कमी असते, पण ठेचा तिच्यासारखा जिल्ह्यात नाई. पंखा त्यांनी विकला तेव्हाच त्यांना माहीत होतं. मग आवाज खाली आला. नागपूरला त्यांचा मुलगा होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो दर महिन्याला फोन करून म्हणायचा की अब्बा, एवढं घर रिकामं कशाला ठेवता, विकून टाकू, तुम्ही इकडे या. चाचा त्याला सांगायचे, रिकामं नाई. किरायदार हायेत.

"तो विचारते, किरायदार हायेत का? मी म्हणतो, हायेत. सहा वर्सं हेच सांगून राह्यलो. कोण, हे त्यानं विचारलं नाई. यंदा पहिल्यांदा म्हटलं तर कसं, बिलकुल खरं वाटलं." मग बायकोकडे पाहून म्हणाले, "तुम्ही सव्वीसले चालले, हे मले माईत हाय. भिंत पातळ हाय. हे बी विचारलं नव्हतं तुम्ही."

निंबाखाली डास फार झाले होते. बायकोनं बॅटरी बंद केली आणि मला म्हणाली, "ते तीन खिळे काढा. अन् चौथ्या पायरीवर उभे राहा."

"आणि सव्वीस तारीख?" मी विचारलं.

"पोळ्यापर्यंत पिल्लं उडतीन का, चाचा?"

"पोळ्यापर्यंत उडतेच."

"मंग पोळा झाल्यावर काढू. तोपर्यंत फळ्यांखाली प्लास्टिक ठोका." म्हणजे शाळा उघडली, आम्ही तिथंच राहिलो, आणि मी माळ्याखाली नऊशे रुपयांचं जाड प्लास्टिक ठोकलं. वास निम्मा झाला. उरलेल्या निम्म्याची बायकोनं कधी तक्रार केली नाही. एरवी ती निम्मं काही सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा पुन्हा पहिल्यासारखे. मी म्हटलं, काल बरंच बोललात. ते म्हणाले, हो.

पोळ्याच्या आधी मी या विषयावर पुष्कळ वाचलं आणि एक खरी पद्धत सापडली. भोक बुजवायचं नसतं, निदान लगेच नाही. त्याच्यावर वरून बारीक जाळीचा पडदा सोडायचा, खालून मोकळा. आतलं वाघूळ खाली सरपटत बाहेर पडतं, पण येताना त्याला जाळी आडवी येते. तीस ऑगस्टला पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याची पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत असताना, चाचांची जुनी मच्छरदाणी कापून आम्ही तो पडदा लावला. चाललेली माझी ही पहिलीच योजना. रोज संध्याकाळी धार बारीक होत गेली आणि आठवड्यात थांबली. मग मिस्त्री बोलावला. त्यानं आढ्याखालची फट चुन्या-सिमेंटनं भरली, फुटकी कवेलू बदलली, कोपरे बुजवले. मी शिडीच्या खाली उभं राहून प्रत्येक जागा त्याच्याकडून दाखवून घेतली. पश्चिमेचा कोपरा दोनदा.

त्या संध्याकाळी बायकोनं नेहमीसारखं ताट वाढलं आणि अंगणात गेली. लगेच परत आली. ताट तिच्या हातातच होतं.

"घेत नाई म्हणते. वरचे गेले म्हणते."

दुसऱ्या दिवशीही तसंच. ती म्हणाली, चाचा, तुमच्यासाठीच आहे, घ्या. ते म्हणाले, बेटा, खोलीत चूल हाय माझी. खोटं ते बोलत नसत, चूल होतीच. तिसऱ्या दिवशी तिनं ताट वाढलंच नाही. घरात वास नव्हता, लेंड्या नव्हत्या, प्लास्टिक काढून टाकलं होतं, सगळं मला हवं होतं तसं झालं होतं, आणि जेवताना कोणी बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर चाचांनी हाक मारली. ते स्वतःहून हाक मारत नसत. मी स्टुलाकडे वळलो, तर त्यांनी सीटवरची तंबाखूची डबी उचलली आणि डाव्या बाजूला जागा केली. मी बसलो. दिवस बुडाला. त्यांनी पश्चिमेच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथलं एक कवेलू दोन बोटं वर उचललेलं होतं. त्याच्याखालून एक वाघूळ निघालं. मग थोड्या वेळानं आणखी एक. मग काही नाही.

"दोन हायेत अजून," चाचा म्हणाले.

तो कोपरा मी स्वतः पाहून घेतला होता. चाचांच्या पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर कवेलूची लाल माती होती. शिडी नेहमीच्या भिंतीला नव्हती, उलट्या बाजूला टेकलेली होती, आणि तिसरी पायरी सुतळीनं बांधून काढलेली होती. माझ्या तोंडात ओळीनं प्रश्न तयार झाले: कधी, कसे, या वयात, आणि मिस्त्रीचे पैसे वाया गेले त्याचं काय. मी एकही विचारला नाही.

मी घरात जाऊन बायकोला सांगितलं की दोन राहिले आहेत. ती बाहेर आली, आपल्या डोळ्यांनी पाहायचं म्हणून निंबाखाली थांबली, तोवर एक फिरून परत येऊन गेलं. "दोनच ना?" तिनं विचारलं. चाचा म्हणाले, दोनच. ती आत गेली. आतून भाकर थापायचा आवाज येऊ लागला.

आम्ही त्या घरात आणखी तीन वर्षं राहिलो. चाचा अजून तिथंच आहेत, नव्या किरायदारांना प्रश्न विचारायला लावत. पण या प्रकरणाचा हिशेब त्या संध्याकाळी बंद झाला, तो असा. डांबरगोळ्या, दिवा, यंत्र आणि प्लास्टिक माझ्या अकलेच्या खात्यात. मिस्त्रीला मजुरी आणि माल धरून चौदाशे. चाचांना एक ताट, भाकर, पिठलं आणि ठेचा, वरच्यांच्या नावानं. त्यांनी ते उठून, दोन्ही हातांनी घेतलं.

सकाळी ताट घासून परत आलं. त्यात दोन लिंबं होती, वरच्यांकडून, एकेक.